सगळे डावखुरे

प्रिय ताई,

आधीच सांगून टाकते, कुणाला काही झालेलं नाही. आई ठणठणीत आहे. आत्ता आतल्या खोलीतून माझ्या नावाने शंख करतेय, कारण तिचा चमचा मी घासून भांड्यांत ठेवला आणि तो तिला सापडत नाही. मी एवढं लांबलचक पत्र लिहायला बसले म्हणजे काहीतरी अघटित घडलं असणार असं तुला वाटेल. घडलंय खरं, पण चांगलं घडलंय. पत्राबरोबर पुठ्ठ्याचं एक नळकांडं येईल, ते लगेच उघडू नकोस. मला तुझा स्वभाव माहीत आहे, वाढदिवसाची भेट आदल्या दिवशीच चाचपून बघणारी तू. तरी या खेपेला माझं ऐक आणि आधी पत्र शेवटपर्यंत वाच. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस आणि त्या 'हं'पुढे माझी बोलतीच बंद होते.

प्रदर्शनाचं तुला कळवलं होतं. संग्रहालयाचा खालचा सगळा मजला आईला दिलाय. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी उघडतंय. मी तुला बोलावलं तेव्हा तू म्हणालीस, तिथे माझं काय आहे? आणि मग बाबा गेले त्या वर्षी आईच्या तोंडावर जे बोलली होतीस तेच पुन्हा ऐकवलंस, की तिच्या चित्रांत घरातली मांजरसुद्धा आहे, मी नाही. ताई, तू म्हणतेस ते खरंच होतं. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे बाबा आहेत, समोरचा शिंपी आहे, बादली उचलणारी मी आहे, जिन्यावर भांडणाऱ्या दोन शेजारणी आहेत, मांजर तर तीन ठिकाणी आहे. घरातली थोरली मुलगी, जिने मला मांडीवर घेऊन वाढवलं, ती कुठेच नाही. आई इतकी मोठी झाली, लोक तिला ठसे कोरून छापायच्या कलेतली पहिली आधुनिक बाई म्हणायला लागले, आणि तुझं आपलं तेवढंच एक दुखणं राहिलं. त्यावर काय बोलायचं हे मला कधी सुचलं नाही.

आता माझ्याकडे उत्तर आहे आणि ते सांगायला मी नुसती उतावीळ झालेय. पण क्रमाने सांगते, नाहीतर गोंधळ होईल.

संग्रहालयातल्या ज्या बाई हे सगळं मांडतायत त्यांचं नाव आईने 'भिंगवाली' ठेवलंय. त्यांच्या गळ्यात सदानकदा भिंग असतं, चहाच्या कपातही त्या भिंगातूनच बघतात अशी आईची तक्रार. बाई मात्र लाख आहे. भिंतीवर लावायच्या मजकुरासाठी त्यांनी मला आईबद्दल लिहायला बसवलं. तुला हे सगळं माहीत आहे, मलाही माहीत होतं, पण लिहिताना माझंच मला नवल वाटलं. छापखान्याच्या कचेरीतली फरशी बदलली तेव्हा बाबांनी लिनोलियमचे उरलेले तुकडे घरी आणले, मोरीत घालायला म्हणून. आईने ते मोरीत घातलेच नाहीत. मोडक्या छत्रीची काडी दगडावर घासून तिला धार केली आणि कोरायला बसली. छापायला यंत्र नव्हतं, म्हणून शाई लावलेल्या ठशावर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासत राहायचं. कागद तरी कुठले, छापखान्यातली रद्दी. त्या कागदांच्या मागे कुणाच्या जाहिराती, कुणाच्या लग्नपत्रिका. आता त्या मागच्या मजकुरावरही कुणीतरी अभ्यास करतंय म्हणे. आपल्याला मात्र एवढंच आठवतं, की सकाळी दुधात चमचा घातला की दुधावर काळी साय यायची आणि तू तो चमचा गुपचूप माझ्या पेल्यात टाकायचीस.

पहिल्यांदा तिने चित्रं एका प्रदर्शनाला पाठवली तेव्हा परीक्षक म्हणाले होते, ही कला नाही, ही छपाई आहे. म्हणून जिन्याखाली लावली, जिथे लोक छत्र्या ठेवत. आई रोज जाऊन छत्र्या बाजूला करून यायची. आणि आज त्याच चित्रांना काचेआड ठेवतात, हात लावायचा तर पांढरे मोजे घालावे लागतात. आईलाही मोजे दिले होते परवा. तिने ते खिशात घातले, थंडीत कामाला येतील म्हणाली.

तिची खरी करामत कोणती, तर ती कागदावर आधी काहीच काढायची नाही. बाकीचे लोक चित्र काढतात, मग ते उलटं करून ठशावर उतरवतात, म्हणजे छापल्यावर सुलट येतं. आई ठसा मांडीवर घेऊन माणसासमोर बसायची आणि त्याच्याकडे बघत थेट कोरायची. आधी काढून मग कोरायचं म्हणजे शिळं, असं म्हणायची. त्यामुळे ठशावर माणूस जसा दिसला तसा, आणि कागदावर आरशातल्यासारखा उलटा. म्हणूनच तिच्या चित्रांतले सगळे डावखुरे आहेत. शिंपी डाव्या हाताने कापतो, बाबा डाव्या हाताने खिळे उचलतात, मीही बादली डाव्या हाताने उचलतेय. आईवरच्या त्या जाड ग्रंथात एका विद्वानाने यावर अख्खं प्रकरण लिहिलंय, डावा हात म्हणजे बंडखोरी वगैरे. मी ते आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "छान लिहितो. पोटापाण्याचं बघतो ना काही?"

या सगळ्या डावखुऱ्यांत एकच अपवाद. 'काच'. वाफ धरलेल्या खिडकीच्या काचेवर बोटाने रेघोट्या ओढणारी पाठमोरी मुलगी, एका मोठ्या खिशाच्या फ्रॉकमधली. तिचं सगळ्यात गाजलेलं चित्र, आणि त्यात हात उजवा. विद्वान म्हणतो, इथे कलावतीने जाणीवपूर्वक नियम मोडला. मी मात्र त्या चित्राकडे बघून आयुष्यभर मान ताठ करून हिंडले, कारण ती मुलगी मी. बाबांनीच सांगितलं होतं मला लहानपणी, ही बघ आपली छोटी. फ्रॉकही माझाच होता. पोरांच्या शाळेत, नवऱ्याच्या कचेरीत, दाताच्या डॉक्टरकडे, कुठे सांगायचं ठेवलं नाही मी. भिंतीवरच्या मजकुरातसुद्धा तसं लिहून दिलं, जरा नटवूनच.

तर मागच्या आठवड्यात घर रंगवायचं म्हणून स्वयंपाकघरातलं फडताळ काढलं. त्याच्या सगळ्यात खालच्या कप्प्याची फळी सुताराने उपसली आणि उलटी करून बघतो तर तिला कोरलेला लिनोलियम चिकटवलेला. ताई, 'काच'चा ठसा. हरवला, फेकला, भंगारात गेला असं सगळे धरून चालले होते, आणि आपण त्याच्यावर वर्षानुवर्षं साखरेचा डबा ठेवत होतो. मी ओरडले, सुतार घाबरला, त्याला वाटलं आत साप निघाला. भिंगवालीला फोन केला तर ती चपला उलट्यासुलट्या घालून आली. जमिनीवर पालथी पडून भिंगातून बघत होती. बघता बघता एकदम उठून बसली आणि म्हणाली, "पण मग ही मुलगी डावखुरी होती."

मला क्षणभर कळेचना. मग ट्यूब पेटली. ठशावर त्या मुलीचा हात डावा आहे. आईने नियम बियम काही मोडला नव्हता. समोर दिसलं तसं कोरलं, छापल्यावर उलटं झालं. म्हणजे समोरची मुलगी खरंच डाव्या हाताने रेघोट्या ओढत होती. आणि मी तर पक्की उजवी, डाव्या हाताने मला कुलूपही उघडत नाही. मग ती मी कशी? आणि तेव्हा मला तो फ्रॉक आठवला. तो माझ्याकडे आला तेव्हा कोपरावर ठिगळ होतं, खिशाची शिवण उसवलेली होती. तो आधी तुझा होता. माझ्या अंगावरचं सगळंच आधी तुझं असायचं.

पण तू तर उजव्या हाताने लिहितेस, मी जन्मल्यापासून बघतेय. मी आईसमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, ताई डावखुरी होती का? आईने चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाली, "होती म्हणजे? आहे. शाळेने सवय सोडवली म्हणून काय झालं." मग मला तुझं एकेक दिसायला लागलं. काडी तू डाव्या हाताने ओढतेस. ओलं फडकं डावीकडून पिळतेस. चिडलीस की दार डाव्या हाताने आपटायचीस, त्याची कडी त्याच बाजूने ढिली झाली होती. इतकी वर्षं तुझ्याबरोबर राहिले आणि मला हे दिसू नये, म्हणजे मीही धन्यच.

मग आईने सांगितलं. एका दमात नाही, तुला तिची तऱ्हा माहीत आहे, मध्येच चहा, मध्येच सुताराशी वाद. तुला आठवत असेल, तू कधी बोलली नाहीस पण आठवत असणारच. शाळेतल्या बाई तुझा डावा हात वेणीच्या रिबिनीने बाकाला बांधून ठेवायच्या. आई शाळेत भांडायला गेली. बाईंनी तिला समजावलं की मुलीला जगात वावरायचंय. घरी आली तर बाबाही तेच म्हणाले, जगाच्या उलट जाऊन कसं चालेल. आई अजून त्यावर तणतणते. "दिवसभर उलटी अक्षरं वाचून पोट भरणारा माणूस मला सांगत होता, उलट जाऊ नकोस." तिचं कुणी ऐकलं नाही. तुझा हात बदलला. फक्त घरी, कुणी बघत नाही असं वाटलं की तू खिडकीशी जाऊन काचेवर डाव्या बोटाने रेघोट्या ओढायचीस, आणि एकदा तिने ते मागून पाहिलं. त्याच दिवशी तिने लिनोलियमचा तुकडा आणि छत्रीची काडी घेतली. तिचं पहिलं चित्र ते, ताई. आजवर सगळे त्याची तारीख माझ्या वयाच्या हिशेबाने लावत होते. त्याच्याआधी तिने काहीही कोरलेलं नव्हतं.

आणि नवशिकी ती, तिला हे ध्यानातच आलं नाही की छापल्यावर उलटं होतं. जुळाऱ्याची बायको असून. मन लावून कोरलं, शाई लावली, चमच्याने घासलं, कागद उचलला, तर त्यातली मुलगी उजवी. आई म्हणाली, "मला वाटलं, कागदसुद्धा त्या बाईंना सामील आहे." ती रडली म्हणे. आई रडली, हे मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं. बाबांनी तो कागद हातात घेतला. उलटं वाचणारा माणूस, त्यांना बघताक्षणी सगळं कळलं असणार. पुढे मी चालाबोलायला लागल्यावर मला सांगत राहिले, ही छोटी आहे. मला वाटतं त्यांना ती तू असणं सोसत नव्हतं.

आता पुढचं ऐक. मी हसून हसून बेजार झाले आणि नंतर मोरीत जाऊन रडलेही. दुसरं चित्र कोरायला घेतलं तोवर आईला उलट-सुलट सगळं समजलं होतं. सुलट करायची युक्ती बाबांनी तिला शिकवली होती, आरसा धरून. तिने ती मुद्दाम वापरली नाही. माझ्या पोरीला उजवी केलीत ना, मग व्हा आता सगळे डावखुरे, असं म्हणून तिने एकेकाला धरला. पहिले बाबा. मग शिंपी, पोस्टमन, शेजारणी, मी, मांजर. ते शिळं-बिळं नंतर मुलाखतींत सांगायला बरं म्हणून. आणि त्या फळ्यावर लिहिणाऱ्या मास्तरीणबाई, ज्यांच्या चित्राला मोठं बक्षीस मिळालं, त्या कोण असतील? त्याच. रिबीनवाल्या. त्या खास साडी नेसून आपल्या घरी येऊन बसल्या होत्या. छाप बघून म्हणाल्या, मी डाव्या हाताने कुठे लिहिते? आई म्हणाली, छपाईत असंच येतं हो, त्याला इलाज नाही. त्यांनी तो चौकट करून शाळेच्या व्हरांड्यात लावला. तू त्या चित्राखालून रोज ये-जा करत होतीस, ताई, आणि तुला माहीत नव्हतं की ते तुझ्यासाठी लावलेलं आहे. जगभरच्या भिंतींवर ती सगळी माणसं आज डाव्या हाताने कामं करतायत, आणि विद्वान बंडखोरीचा शोध घेतायत. बंड होतंच म्हणा, पण ते एका पोरीच्या आईचं होतं.

मी विचारलं, मग ताईला पुन्हा का नाही कोरलंस, ती किती तळमळली त्यासाठी. आई शाईचा रोलर पुसायला लागली. म्हणाली, "डाव्या हाताची कोरली असती तर छापात उजवी झाली असती. एकदा केली तेवढी पुरे. आणि उजव्या हाताने काम करताना कोरायची, तर तो हात तिचा नव्हता, त्याच्याकडे मला बघवायचं नाही." मी म्हटलं, मग हे तिला सांगायचं होतंस. तर म्हणते, "तिने विचारलं कुठे, ती भांडली." तुम्ही दोघी एकाच मापाच्या आहात, हे माझं मत मी राखून ठेवते.

आणि आता नळकांड्याचं. हे सगळं बोलून झाल्यावर आईने पदर खोचला आणि म्हणाली, ठसा आण. भिंगवालीचा जीव खालीवर, इतका जुना लिनोलियम, तडकेल म्हणून. आई ऐकते होय. शाई लावली, नेहमीपेक्षा जाड. कागद ठेवला, चमच्याने घासला. छाप निघाला, उजव्या हाताची मुलगी, जशी सगळ्या जगाने पाहिलीय. त्याच वेळी ठसा मधोमध कडकन तडकला. भिंगवालीने डोळे मिटून घेतले. आईने ढुंकूनही पाहिलं नाही. तिने तो ओला छाप जमिनीवर पसरला, त्याच्यावर दुसरा कोरा कागद ठेवला आणि पुन्हा घासायला लागली. तेव्हा मला समजलं ती काय करतेय. उलट्याचं उलटं. मी गुडघ्यांवर बसून एक कोपरा धरला, तिने दुसरा, आणि कागद उचलला. जरा फिका आलाय, पण स्वच्छ आलाय. खिडकी, वाफ, फ्रॉकचा तो मोठा खिसा, आणि डावा हात, ताई. तुझा हात. आई बघतच राहिली. "इतकं सोपं होतं आणि मला आयुष्यभर सुचलं नाही," म्हणाली. माझ्या हातांची शाई अजून निघाली नाही, या पानांवर जागोजागी ठसे उठलेत, ते सांभाळून घे.

हे पत्र मी आपण होऊन लिहीत नाहीये. आईने लिहायला सांगितलंय, आणि तिने सांगायला लावलेलं वाक्य एवढंच आहे: तिला म्हणावं, मला तुला उजवी करायची नव्हती. प्रदर्शनात बाबा आणि मास्तरीणबाई यांच्या मध्ये भिंगवालीने जागा सोडलीय. तिथे खिळा ठोकलाय आणि खाली काही लिहिलेलं नाही, माझा नटवलेला मजकूर मी स्वतः काढून टाकला. तिथे लावायचं चित्र जगात एकच आहे, ठसा तडकल्यामुळे दुसरं निघणार नाही, आणि ते आता तुझ्याकडे आहे. तुला वाटलं तर घरी ठेव, आई म्हणाली तिचं आहे, तिने ठरवावं. पण ठेवणार असलीस तरी त्या रविवारी ये, आणि लावणार असलीस तर स्वतः घेऊन ये, टपालाने पाठवू नकोस. आता उघड नळकांडं. खाली कोपऱ्यात पेन्सिलीने केलेली आईची सही दिसेल, शाळकरी पोरीसारखी वाकडीतिकडी, ओळीबाहेर गेलेली. मला वाटलं वयामुळे हात कापला. मग नीट पाहिलं, तर तिने सही करताना पेन्सिल डाव्या हातात घेतली होती.

तुझीच,
त्या चित्रात नसलेली
छोटी